विश्लेषण : घरातल्या ज्येष्ठांच्या औषधांचा खर्च कुठे वाचवावा, कुठे वाचवू नये?

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात किराणा, वीजबिल आणि मुलांच्या फीबरोबर अनेक घरांत आणखी एक यादी निघते. आई-वडिलांच्या किंवा सासू-सासऱ्यांच्या गोळ्यांची. बीपी, शुगर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल, सांधेदुखी, पित्त. ही यादी मेडिकलमध्ये नेणारी, गोळ्या डब्यात भरणारी आणि ‘घेतली का?’ असे रोज विचारणारी व्यक्ती घरातलीच असते. बहुतेक वेळा सून, लेक किंवा पत्नी. तिला हे काम कोणी शिकवलेले नसते. पैसे कमी पडले की कात्री कुठे लावायची हेही तिलाच ठरवावे लागते. हा निर्णय अनेकदा डॉक्टरांना न विचारता होतो आणि नुकसान तिथेच होते. खर्च खरोखर कुठे कमी करता येतो आणि कुठे हात लावू नये, याचा हा आढावा.

रोजच्या गोळ्यांचा खर्च विम्यातून का मिळत नाही?

आरोग्य विमा मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी असतो. ‘आयुष्मान भारत’ योजनेत २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळाले. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मर्यादाही पाच लाखांपर्यंत वाढली. या दोन्ही योजना मोठ्या आजारपणात आधार देतात. पण दाखल न होता वर्षानुवर्षे घ्याव्या लागणाऱ्या गोळ्या त्यांत बसत नाहीत. खासगी मेडिक्लेमचेही बहुतांशी तसेच आहे.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून भरली. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण ६४.२ टक्के होते, म्हणजे सुधारणा मोठी आहे. तरी बाह्यरुग्ण उपचारांच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा औषधांचाच असतो. शस्त्रक्रियेचा खर्च एकदा होतो आणि त्यासाठी नातेवाईकही धावून येतात. गोळ्यांचा खर्च दर महिन्याला येतो आणि त्यासाठी कोणी उसने पैसे मागत नाही. घरातल्या घरात काटकसर सुरू होते.

गोळ्या ‘पुरवून पुरवून’ घेतल्या तर काय होते?

काटकसरीचे प्रकार ठरलेले आहेत. रोजची गोळी एक दिवसाआड घेणे, एका गोळीचे दोन तुकडे करणे, बरे वाटल्यावर थांबवणे, शेजाऱ्यांना लागू पडलेली गोळी आणणे. कधी हे ज्येष्ठ स्वतःच करतात. मुलांवर भार नको म्हणून गोळी संपल्याचे सांगतच नाहीत.

रक्तदाब वाढलेला असला तरी अनेकांना काहीच जाणवत नाही. त्यामुळे ‘बरे वाटते’ याचा अर्थ बीपी आटोक्यात आहे असा होत नाही. हृदयात स्टेंट बसवल्यानंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या मध्येच बंद केल्या, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन झटका येऊ शकतो. अपस्माराची, म्हणजे फिट्सची औषधे, स्टेरॉइड आणि हृदयाची गती आवरणाऱ्या बीटा ब्लॉकर गटातील गोळ्या अचानक सोडणे धोक्याचे असते. नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर अशी अक्षरे असलेल्या गोळ्यांतील औषध हळूहळू रक्तात उतरावे अशी त्यांची रचना असते. त्या कुटल्या किंवा चघळल्या, तर औषध एकदम सुटते. अशी गोळी तोडण्याआधीही विचारून घ्यावे. सगळ्या स्ट्रिप दिसायला सारख्याच असतात, त्यामुळे कोणती गोळी चुकलेली चालेल आणि कोणती अजिबात नाही, हे घरच्यांना कळत नाही.

पैसे वाचवण्याचे पहिले पाऊल कोणते?

घरातले प्रत्येक औषध एका कागदावर आणणे. अनेक ज्येष्ठांचे दोन-तीन डॉक्टर असतात. हृदयाचे वेगळे, हाडांचे वेगळे, शिवाय गावातले फॅमिली डॉक्टर. प्रत्येक चिठ्ठी वेगळी आणि तीही ब्रँडच्या नावाची. त्यामुळे एकच घटक दोन नावांनी घरात येतो. दोन वेगळ्या ‘पित्ताच्या’ गोळ्या प्रत्यक्षात एकच औषध असू शकतात. तापाची एक आणि अंगदुखीची एक अशा दोन्ही गोळ्यांत पॅरासिटामॉल असू शकते. अशा वेळी पैसे दुप्पट जातात आणि डोसही दुप्पट होतो.

यादीत ब्रँडचे नाव, त्याखाली बारीक अक्षरांत छापलेले घटकाचे नाव, मिलिग्रॅम, वेळ, कशासाठी, कोणत्या डॉक्टरांनी आणि कधीपासून दिले, हे सगळे हवे. आयुर्वेदिक काढे, चूर्णे, व्हिटॅमिन आणि मेडिकलमधून स्वतःहून आणलेल्या गोळ्याही लिहाव्यात. कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे ते वरच्या ओळीत ठळक लिहावे. यादीचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये असावा. मध्यरात्री रुग्णालयात जावे लागले तर तोच कामी येतो.

घोटाळ्याची सर्वाधिक शक्यता रुग्णालयातून घरी आल्यानंतर असते. डिस्चार्ज कार्डावर नव्या गोळ्या असतात आणि घरात जुन्या. जुन्यांपैकी कोणत्या बंद करायच्या, हे निघण्याआधी विचारून कार्डावरच लिहून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांच्या वापरातून होणारे नुकसान टाळण्यासाठी जागतिक मोहीम सुरू केली. तिने लक्ष वेधलेल्या तीन धोक्याच्या जागांपैकी ही एक आहे. एकाच वेळी अनेक औषधे घेणे ही दुसरी.

यादीतल्या गोळ्या कमी होऊ शकतात का?

अनेकदा होऊ शकतात, मात्र डॉक्टरांनी ठरवल्यावरच. पाच किंवा त्याहून जास्त औषधे नियमित चालू असतील तर त्याला वैद्यकशास्त्रात ‘पॉलिफार्मसी’ म्हणतात. गोळ्या वाढतात तशी त्यांची एकमेकींशी गाठ पडण्याची शक्यताही वाढते. एका गोळीने पाय सुजतात, सुजेसाठी दुसरी सुरू होते, तिने अशक्तपणा येतो आणि ‘ताकदीची’ तिसरी येते.

पित्ताची गोळी काही आठवड्यांसाठी लिहिलेली असते आणि ती काही वर्षे चालते. व्हिटॅमिन, कॅल्शियम, झोपेच्या गोळ्या यांचेही असेच होते. जुनी चिठ्ठी पुढे करायची आणि तेच आणायचे, ही सवय त्यामागे असते. झोपेच्या गोळ्यांनी उतारवयात तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. पण जुनी सवय असेल तर त्या एकदम बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्या लागतात.

म्हणून वर्षातून किमान एकदा सगळ्या स्ट्रिप आणि ती यादी पिशवीत घालून एका डॉक्टरांकडे जावे. ज्येष्ठांची पूर्ण माहिती असलेले फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियन यासाठी योग्य. तीन प्रश्न विचारावेत. यातली कोणती गोळी आता लागत नाही? कोणत्या दोन गोळ्यांचे एकमेकींशी जमत नाही? आणि पैशांची अडचण आली तरी कोणती कधीच चुकवायची नाही? तिसरा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तोच सर्वांत महत्त्वाचा. परवडत नाही हे डॉक्टरांना कळले तर ते पर्याय सुचवू शकतात. कळलेच नाही, तर बीपी कमी होत नाही असे समजून ते आणखी एक गोळी वाढवतात.

एकाच औषधाच्या किमतीत एवढा फरक का?

बाजारात एकाच घटकाचे डझनावारी ब्रँड असतात आणि प्रत्येकाची किंमत वेगळी. राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत २०२२ पासून ३८४ औषधे आहेत. त्यांच्या कमाल किमती २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार ‘राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण’ ठरवते. एक टक्का किंवा त्याहून जास्त बाजारहिस्सा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी काढून त्यात विक्रेत्याचा १६ टक्के नफा धरला जातो. यादीबाहेरच्या औषधांची सुरुवातीची किंमत कंपनी स्वतः ठरवते. नंतर वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. कमाल किंमत किती, हे प्राधिकरणाच्या ‘फार्मा सही दाम’ अॅपवर पाहता येते.

पेटंट संपल्यावर फरक आणखी मोठा होतो. मधुमेहावरील एम्पाग्लिफ्लोझिनचे भारतातील पेटंट मार्च २०२५ मध्ये संपले. तोवर सुमारे ६० रुपयांना मिळणाऱ्या गोळीला भारतीय कंपन्यांचे अनेक पर्याय आले आणि काहींनी किंमत दहा रुपयांच्याही खाली ठेवली. रोज एक गोळी धरली तर महिन्याला दीड हजार आणि वर्षाला अठरा हजार रुपयांचा हा फरक. सिटाग्लिप्टिनचे पेटंट २०२२ मध्ये संपले आणि त्याच वर्षी जनऔषधी केंद्रांत ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना मिळू लागल्या. तरीही जुन्या चिठ्ठीवर जुनाच ब्रँड असेल, तर घर जुनीच किंमत मोजत राहते. ‘याचा स्वस्त पर्याय आता आला आहे का?’ हा प्रश्नही वर्षातून एकदा विचारण्यासारखा आहे.

मग मेडिकलवाला स्वस्त पर्याय का देत नाही?

कारण नियम त्याला परवानगी देत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या ‘शेड्यूल एच’ आणि ‘एक्स’मधील औषधांच्या जागी विक्रेत्याला परस्पर दुसरे उत्पादन देता येत नाही, मग त्यात तोच घटक का असेना. म्हणजे चिठ्ठीवर ब्रँड लिहिला की स्वस्ताचा रस्ता तिथेच बंद होतो. त्याची किल्ली डॉक्टरांच्या पेनात असते.

डॉक्टरांनी औषधाचे जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असे वैद्यकीय परिषदेच्या आचारसंहितेत २०१६ पासून आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये त्याबाबत कडक नियम काढले. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि तीन आठवड्यांतच त्यांना स्थगिती मिळाली. तेव्हा सध्या तरी मागणी रुग्णाच्या घरच्यांनीच करायला हवी. ‘घटकाचे नावही लिहाल का, जनऔषधीतून आणायचे आहे’ एवढे वाक्य पुरते.

जेनेरिकवर विश्वास ठेवावा का?

शंका अगदीच निराधार नाही. केंद्रीय औषध नियामक संस्था प्रमाणित दर्जाची नसलेल्या औषधांची यादी दर महिन्याला जाहीर करते आणि तीत नावाजलेल्या कंपन्यांची उत्पादनेही येतात. म्हणजे दर्जाचा प्रश्न संपूर्ण औषध बाजाराचा आहे. केवळ स्वस्त औषधांचा नाही. जनऔषधी केंद्रांसाठी घेतलेल्या औषधांची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत चाचणी केली जाते. देशात अशी १५ हजारांहून जास्त केंद्रे आहेत. जवळचे केंद्र आणि किमती ‘जनऔषधी सुगम’ अॅपवर दिसतात. अडचण वेगळीच असते. हवी ती गोळी केंद्रात दर वेळी असतेच असे नाही. म्हणून गोळ्या संपण्याच्या आठ-दहा दिवस आधीच चौकशी करावी.

एक काळजी मात्र आवश्यक आहे. थायरॉइड, फिट्स आणि रक्त पातळ करणाऱ्या काही औषधांच्या मात्रेतला थोडा फरकही शरीराला जाणवतो. ही औषधे दर महिन्याला वेगळ्या कंपनीची घेऊ नयेत. बदलायचीच असतील तर डॉक्टरांना सांगून, आणि त्यानंतर त्यांनी सांगितलेली रक्ततपासणी करून. नवे औषध सुरू झाल्यावर पुरळ, चक्कर, सूज असा त्रास झाला, तर डॉक्टरांना कळवावे. १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावरही दुष्परिणामाची नोंद करता येते.

कोणते हक्काचे पैसे नजरेतून सुटतात?

रुग्णालयात दाखल व्हावे लागले असेल, तर आधीची आणि नंतरची औषधे विम्यात बसतात. अनेक खासगी पॉलिसींत दाखल होण्याआधीचे ३० आणि घरी आल्यानंतरचे ६० दिवस धरले जातात. ‘आयुष्मान भारत’मध्ये आधीचे तीन आणि नंतरचे १५ दिवस. दावा एकदाच करून मोकळे होण्याच्या घाईत ही बिले फेकली जातात.

कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंद असलेल्या कामगाराच्या, त्याच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही दवाखान्यातून औषधे मिळतात. या योजनेची वेतनमर्यादा दरमहा २१ हजार रुपये आहे. केंद्र सरकारच्या निवृत्तांना सीजीएचएस आणि माजी सैनिकांना ईसीएचएसमधून रोजच्या गोळ्या मिळू शकतात. ज्येष्ठांचा आरोग्य विमाच नसेल, तर त्यांच्या औषधोपचारावर वर्षाला ५० हजार रुपयांपर्यंतच्या खर्चाची वजावट प्राप्तिकरात मिळते. हा खर्च मुलांनी केला तरी चालतो. मात्र जुनी करपद्धत निवडलेली हवी आणि पैसे रोखीने दिलेले नसावेत. मेडिकलचे बिल ऑनलाइन भरून जपून ठेवायला हे एक कारण पुरेसे आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील जीएसटी १२ वरून पाच टक्क्यांवर आला आणि काही निवडक जीवरक्षक औषधांवर तो शून्य झाला. बिलावर कराचा दर वाचण्याची सवय लावून घ्यावी. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रांतून बीपी आणि मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्याही मिळतात. ‘सरकारी औषध’ म्हणून नाक मुरडण्याआधी घटकाचे नाव ताडून पाहावे. अनेकदा मेडिकलमधून विकत आणलेला घटक तोच असतो.

रोजच्या वेळा कशा सांभाळायच्या?

सात दिवसांचा खणांचा डबा आठवड्यातून एकदा एकाच व्यक्तीने भरावा. वाचता न येणाऱ्या ज्येष्ठांसाठी खणावर सूर्य आणि चंद्र काढले तरी काम होते. स्ट्रिप कापून घ्यायची असेल तर मुदत छापलेला भाग आपल्याकडे राहील असे पाहावे.

काही वेळा पक्क्या असतात. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यानंतर किमान चार तासांनी. ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी घेऊन जेवण टाळले, तर साखर धोकादायक पातळीवर उतरू शकते. उपासाच्या दिवशी, एकादशीला किंवा रमजानमध्ये काय करायचे, हे आधीच विचारून ठेवावे. बीपीचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. इन्सुलिनची न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी, फ्रीझरमध्ये नाही. गावाकडे तासन् तास वीज जात असेल तर हा प्रश्नही डॉक्टरांकडे काढावा.

मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशात आणि आई-वडील गावी असतील, तर आठवड्यातून एकदा व्हिडीओ कॉलवर डबा दाखवायला सांगावे. ‘गोळ्या घेतल्या ना?’ या प्रश्नाचे उत्तर नेहमीच ‘हो’ असते. रिकामे खण खरे सांगतात. गोळ्या उरत असतील तर रागावण्याआधी कारण विचारावे. गिळायला त्रास होतो, चक्कर येते, रात्री लघवीला उठावे लागते किंवा पैसे संपले, यांपैकी काहीतरी निघते. या प्रत्येकावर इलाज आहे.

सरकारकडून काय अपेक्षित आहे?

घरच्यांनी कितीही नीट हिशेब ठेवला तरी त्याला मर्यादा आहेत. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषध योजना सुरू केली. तमिळनाडूने १९९० च्या दशकातच औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ उभे केले आणि २०२१ पासून बीपी-मधुमेहाच्या रुग्णांना घरपोच गोळ्या द्यायला सुरुवात केली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये खरेदीसाठी प्राधिकरणाचा कायदा केला, उपचारही निःशुल्क केले. पण निःशुल्क केसपेपरसोबत ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी हातात पडली, तर घरचा हिशेब तसाच राहतो.

पाच लाखांचे विमा कार्ड झटका आल्यानंतर उपयोगी पडते. तो येऊ नये म्हणून लागणारी काही रुपयांची गोळी मात्र कोणत्याच कार्डात बसत नाही. बीपी, मधुमेह, हृदयविकार आणि फिट्स यांच्या निवडक गोळ्या प्रत्येक प्राथमिक केंद्रात एकदम दोन-तीन महिन्यांच्या, खंड न पडता मिळाव्यात, एवढी अपेक्षा अवास्तव नाही. चिठ्ठीवर जेनेरिक नाव सक्तीचे करण्याचा रखडलेला निर्णयही दर्जाच्या तपासणीची हमी देऊन मार्गी लावायला हवा. तोवर घरोघरी ही जबाबदारी सांभाळणाऱ्यांच्या हातात तीन गोष्टी आहेत : एकच यादी, वर्षातून एकदा तिची तपासणी, आणि डॉक्टरांसमोर पैशांबद्दल मोकळेपणाने बोलणे. औषध परवडणे हाही उपचाराचाच भाग आहे; तो दवाखान्यातच बोलला गेला, तर घरी गोळ्या मोडून खाण्याची वेळ येत नाही.